अकरा महिन्यांचे शेजारी

२०११ च्या जनगणनेतील मातृभाषांचे तक्ते प्रसिद्ध झाले, तेव्हा मुंबईत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या दहा वर्षांत ४५ लाख २४ हजारांवरून ४४ लाख ४ हजारांवर उतरली आणि हिंदी सांगणाऱ्यांची मात्र २५ लाख ८८ हजारांवरून जवळजवळ ३६ लाखांवर चढली, हे वाचून ज्याच्या मनाला चटका बसला नाही असा मराठी माणूस विरळा. त्या चटक्यातून पुढे जे बोलले गेले, लिहिले गेले आणि प्रसंगी रस्त्यावर केले गेले, त्या सर्वांचा मथितार्थ एवढाच होता की बाहेरून लोंढे आले आणि आमच्या वस्त्या बुडाल्या. आता २०२७ ची जनगणना दाराशी येऊन ठेपली आहे. नवे तक्ते निघतील, नवा चटका बसेल आणि जुनीच भाषणे पुन्हा होतील. त्याआधी जुने आकडे एकदा शांतपणे वाचून पाहण्यास हरकत नसावी.

त्याच तक्त्यांत उर्दू सांगणारे १६ लाख ८७ हजारांवरून १४ लाख ५९ हजारांवर आलेले दिसतात. उर्दूभाषकांनी दहा वर्षांत एवढ्या प्रमाणावर शहर सोडले असे मानण्यापेक्षा, त्यांतील बऱ्याच कुटुंबांनी गणकाच्या प्रश्नाला या खेपेस ‘हिंदी’ असे उत्तर दिले असावे, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय भोजपुरीपासून मारवाडीपर्यंत अनेक बोली सरकारी दप्तरात हिंदीच्याच खात्यावर जमा होतात, हेही विसरता येत नाही. पण याहून महत्त्वाचा आकडा दुसरा आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही: कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मूळ शहराची लोकसंख्या २००१ साली ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ साली ३० लाख ८५ हजार उरली. ज्या शहरावर लोंढे कोसळत असल्याचा गजर चालू होता, त्याच्या गाभ्यातून अडीच लाख माणसे कमी झाली. आणि त्याच वेळी शेजारचा ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातील सर्वांत मोठ्या लोकवस्तीचा जिल्हा ठरला. येणाऱ्यांची मोजदाद आपण मोठ्या ईर्षेने करतो. जाणारे मात्र कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत.

मुंबईचे मूळ रहिवासी म्हणून निःशंकपणे ज्यांच्याकडे बोट दाखवावे असे लोक थोडेच आहेत: किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, साष्टीतले आगरी व कुणबी, पाचकळशी, आणि पोर्तुगीज अंमलात ख्रिस्ती झालेले व आता ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जाणारे लोक. बाकीचे आपण सारे केव्हा ना केव्हा वळकटी घेऊन आलेलो. १९२१ च्या खानेसुमारीत या शहरातील शंभर माणसांपैकी ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. या नगरीचे मराठीतील पहिले चरित्र म्हणावे असे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली ज्यांनी लिहिले, ते गोविंद नारायण माडगांवकर स्वतः गोव्याहून आलेले होते. तेव्हा रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या माणसाने मुंबईवर जो हक्क सांगितला, तो जन्माचा हक्क नसून वहिवाटीचा हक्क होता. आणि वहिवाटीचा म्हणून तो कमी दर्जाचा आहे असे मी मुळीच मानत नाही. गिरण्यांत आणि गोदीत गाळलेला घाम, चाळींत तीन-तीन पिढ्यांनी काढलेले संसार आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी दिलेले प्राण यांनी तो हक्क शाबीत झालेला आहे. परंतु वहिवाटीला एक अट असते, ती अशी की ती अखंड चालू राहिली पाहिजे. मराठी माणसाची वहिवाट कोठे आणि कोणी खंडित केली, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना आपण नेमके त्या माणसाच्या दारावर थाप मारतो, ज्याची स्वतःची वहिवाट अजून सुरूच होऊ शकलेली नाही.

जुन्या काळी परका माणूस वस्तीत मुरत असे, तो कसा, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तो प्रकार आपोआप घडत नसे. कोकणातला पोरगा बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरला की त्याला पत्ता विचारावा लागत नसे. लालबाग-परळमधल्या एखाद्या चाळीत त्याच्या गावकीची खोली असे. गावातल्या वीस-तीस चाकरमान्यांनी मिळून भाड्याने घेतलेली ती दहा बाय बाराची जागा. रात्रपाळीचा उठला की त्याच ठिकाणी दिवसपाळीचा आडवा व्हायचा. भिंतीला लागून ट्रंका, खुंट्यांवर कपडे, आणि बेकार असलेल्याचे भाडे चार महिने इतरांनी उचलायचे ही रीत. त्या खोलीतच गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी जमे, मनीऑर्डरी लिहिल्या जात, भांडणे मिटवली जात आणि लग्ने जुळत. गोवेकरांची अशीच व्यवस्था धोबीतलाव व माझगाव भागातल्या कुडांत होती: प्रत्येक गावाचा स्वतंत्र कूड, त्यात गावच्या पालक संताची वेदी, संध्याकाळची प्रार्थना, आणि बोटीवर नोकरी लागेपर्यंत खलाशाच्या पेटीला व पाठीला मिळणारा आसरा. जेवणाची सोय खाणावळवाल्या बायकांनी केली, ज्यांच्या उधारीवर संपाच्या काळात गिरणगाव जगले. त्याच बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. माटुंग्यात मद्रास इलाख्यातून आलेल्या कारकुनांनी १९३२ साली आपली शिक्षणसंस्था काढली, देवळे बांधली, भोजनगृहे चालवली. तेलंगणातून बांधकामावर आलेल्या कामाठ्यांचे नाव एका वस्तीलाच चिकटले. सौराष्ट्रातले कुंभार आणि तमिळ मुलुखातले चामडे कमावणारे धारावीत स्थिरावले, तेही आपापल्या जातभाईंच्या आधाराने.

म्हणजे नवागत प्रथम आपल्याच माणसांत उतरत असे आणि तेथून हळूहळू शेजारच्या ओळखीला लागत असे. आज कोणी परप्रांतीय आपल्या गावच्या दहाजणांसह एका खोलीत राहतो, तेव्हा ‘हे आपले वेगळे गट करून राहतात’ अशी तक्रार ऐकू येते. ती करणाऱ्यांच्या आजोबांनी दुसरे काहीही केले नव्हते. फरक आहे तो पुढच्या पायरीचा. गावकीच्या खोलीतून माणूस काही वर्षांनी स्वतःची भाड्याची खोली घेई, गावाहून बायको-मुलांना आणी, आणि मग नळाच्या रांगेत, गणपतीच्या मंडपात, युनियनच्या सभेत आणि पालिकेच्या शाळेत त्याच्या घराची इतरांशी गाठ पडे. गिरणी चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि भाडे पगारात बसत होते, म्हणून हे सारे शक्य झाले.

या चित्राला कोणी सोन्याची चौकट लावू नये, यासाठी दोन गोष्टी नमूद करतो. त्या शहरात १९२१ साली हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. चाळीच्या संस्कृतीचे गोडवे गाताना गावी ठेवलेल्या बायकोचे अर्धे आयुष्य आपण सोयीने विसरतो. दुसरे असे की गिरणीत जास्त मजुरीचे साचा खाते, म्हणजे विणकाम खाते, अस्पृश्यांना बंद होते, कारण तेथे धोट्यातले सूत तोंडाने ओढून काढावे लागे आणि सवर्ण कामगारांना त्या धोट्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ते स्वतः परळच्या बी.आय.टी. चाळीत वीस वर्षांहून अधिक काळ राहत होते आणि कामगारांची एकजूट किती खोल जाते, हे त्यांना ठाऊक होते. शेजार होता, तसा शेजाऱ्याला दूर ठेवण्याचा बंदोबस्तही होता.

मग तुटले कोठे? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली, तेव्हा हेतू उदात्त होता आणि लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे वाचले, हेही खरे. परंतु जो कायदा जुन्या भाडेकरूला अढळपद देतो, त्याच कायद्यामुळे नवी भाड्याची चाळ बांधण्याचा विचार कोणी शहाणा मालक करत नाही. जुन्या इमारतींची दुरुस्ती थांबली, पागडीचा काळा बाजार सुरू झाला, आणि पुढे येणाऱ्याला भाड्याची खोली मिळण्याचा राजमार्ग बंद होऊन झोपडपट्टीची पाऊलवाट उघडली. देशभर हेच घडले: १९६१ साली शहरी घरांत भाड्याच्या घरांचा वाटा शंभरांत ५४ होता, तो २०११ पर्यंत २८ वर आला. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या मजुराने झोपडी निवडली नाही. त्याच्यापुढे निवडायला दुसरे काही ठेवले गेले नव्हते. आणि झोपडीत राहणाऱ्याची वहिवाट सरकारने कशी ठरवली? तर अमुक तारखेपूर्वीचा पुरावा दाखव आणि पात्र हो. ती तारीख आधी १ जानेवारी १९९५, मग २००० आणि मग २०११. निवडणुकांच्या पंचांगाप्रमाणे सरकणाऱ्या तारखेवर ज्याचे रहिवासीपण अवलंबून आहे, त्याने वस्तीच्या जुन्या रीतीभाती आपल्या मानाव्यात अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

मराठी वस्तीवरचा घाव मात्र खुद्द गिरण्यांच्या जमिनीवर पडला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा कामावर कधीच गेले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी घालून दिली होती. २००१ साली त्या नियमात जो बदल झाला, त्यामुळे ही वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, ज्या तुकड्यावर मुळात बांधकाम नव्हते तेवढ्याच तुकड्याची झाली. आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. हा बदल कोणत्याही भैयाने, मद्राशाने अथवा बंगाल्याने केला नाही. तो मराठी भाषेत कामकाज चालणाऱ्या मंत्रालयात, मराठी मंत्र्यांच्या सहीने झाला. आज लोअर परळच्या मॉलमध्ये आणि काचेच्या कचेऱ्यांत जी गर्दी दिसते, ती पाहून ‘बाहेरच्यांनी गिरणगाव बळकावले’ असे म्हणणारा मनुष्य हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान वाचून आधीची पाने फाडून टाकतो.

गिरणगाव व गिरगाव सोडून जे गेले, त्यांचे पुढे काय झाले, ही कथा अधिक उद्बोधक आहे, कारण तेथे आपण परप्रांतीयाच्या जागी उभे राहतो. डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरार येथे मुंबईतून उठलेली मराठी कुटुंबे स्थायिक झाली, ती रिकाम्या माळरानावर झाली नाहीत. वसईच्या पट्ट्यात सामवेदी, वाडवळ, ईस्ट इंडियन, आगरी, कोळी अशा जुन्या समाजांच्या केळीच्या व फुलांच्या वाड्या होत्या. आगाशीची सुकेळी सर्वत्र नावाजलेली होती. इमारती उभ्या राहू लागल्या, तसे विहिरींचे पाणी टँकरने उपसून नव्या वसाहतींना जाऊ लागले, आणि त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीच्या दृष्टीने पाणी पिणारा मनुष्य लालबागहून आला होता की लखनौहून, याला किती महत्त्व असणार? २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा अनेक गावांनी तीत सामील होण्यास विरोध केला. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे २००२ साली पालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ साली पुन्हा तीत ओढली गेली; तेथील आगरी शेतकऱ्याची तक्रार तीच आहे, जी लालबागच्या रहिवाशाची लालबागेत होती: आमच्या जमिनीवर दुसऱ्याचे शहर उठले आणि आम्ही आमच्याच गावठाणात अडचण होऊन बसलो. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या मागे जाऊन १९८४ साली गोळ्या झेलल्या, तेव्हा कोठे भूमिपुत्राला साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. दादरला जो भूमिपुत्र, तोच खाडी ओलांडली की उपरा ठरतो. ही गोष्ट आपल्या राजकारणाने अद्याप मनावर घेतलेली नाही.

सगळेच स्थलांतर जमिनीच्या भावाने झाले असेही नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मिश्र वस्त्यांतील पुष्कळ मुसलमान कुटुंबे मुंब्र्याकडे व मीरा रोडकडे गेली, आणि काही ठिकाणांहून हिंदू कुटुंबेही उठली. भयाने विभागलेली वस्ती पुन्हा एकत्र येण्यास किती काळ लागतो, याचे मोजमाप तीस वर्षांनंतरही करवत नाही.

दरम्यान शहराच्या मध्यभागी एक निराळीच सीमारेषा उमटली आहे. जागा दाखवणारा दलाल ‘ही कॉस्मो बिल्डिंग आहे’, म्हणजे येथे सर्व समाजांना जागा मिळते, असे मुद्दाम सांगतो, त्या अर्थी ज्या इमारती तशा नाहीत त्यांची संख्या त्याला पक्की ठाऊक असते. मांसाहारी म्हणून मराठी कुटुंबाला जागा नाकारली की वर्तमानपत्रांतून संताप व्यक्त होतो, आणि तो रास्तच आहे. पण मुसलमानाला, दलिताला किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला नाकारली जाते, तेव्हा तो संताप कोठे विश्रांती घेतो हे कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सहकारी संस्थेला उपविधीने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवता येते, असा निर्णय दिला. तो निर्णय आहे तोवर न्यायालयाकडे बोट दाखवून चालणार नाही. सहकार कायदा बदलणे विधिमंडळाच्या हातात आहे. आपल्याला नाकारले तर अन्याय आणि दुसऱ्याला नाकारले तर संस्थेचा अधिकार, अशी दुहेरी वजने ठेवणाऱ्याची फिर्याद कोणी गंभीरपणे घेत नाही.

भाषेच्या बाबतीत माझे मत बहुधा कोणालाच रुचणार नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, हा आग्रह मला सर्वथा योग्य वाटतो. तो दुकानदाराच्या कानशिलात देऊन पुरा होतो, हे मात्र मान्य नाही. माणूस भाषा शिकतो ती शेजारणीकडून, मुलांच्या शाळेतून आणि उधारी देणाऱ्या वाण्याकडून, आणि या सर्वांना वेळ लागतो. पालिकेच्या मराठी शाळांचे पट परप्रांतीयांनी रिकामे केले नाहीत, मराठी पालकांनीच केले. आणि आज नव्याने आलेल्या माणसाला, मग तो गोरखपूरचा असो वा गडहिंग्लजचा, जी जागा मिळते ती बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या कराराने, अकरा महिन्यांच्या मुदतीने. मुदत भरली की भाडे वाढते, सामान टेम्पोत चढते, मुलाची शाळा बदलते, रेशनकार्डावरचा पत्ता जुनाच राहतो. अकरा महिन्यांत माणसाला पाण्याची वेळ कळते, पण शेजाऱ्याचे आडनाव कळेलच असे नाही. अशा माणसाकडून वस्तीविषयीची आस्था मागणे म्हणजे कुळाला दरसाल बदलून त्याने बांध घालावा अशी अपेक्षा करण्यासारखे आहे.

या शहरात घरे नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली, देशातील कोणत्याही शहरापेक्षा जास्त. गुंतवणूक म्हणून घेतलेली ही घरे भाड्याने देण्यापेक्षा रिकामी ठेवणे मालकाला सोयीचे वाटते, कारण भाडेकरू उठणार नाही ही धास्ती सत्तर वर्षे झाली तरी गेलेली नाही. एमएमआरडीएने २००८ साली भाड्याच्या घरांची योजना काढली होती, १६० चौरस फुटांच्या खोल्यांची. जागा लहान होती, आखणीत दोष होते, पण दिशा बरोबर होती. थोड्याच वर्षांत ती गुंडाळून मालकीच्या घरांकडे मोर्चा वळवण्यात आला, कारण मालकीचे घर निवडणुकीत वाटता येते, भाड्याचे वाटता येत नाही. सरकारने, पालिकेने आणि मोठ्या कारखानदारांनी पुन्हा भाड्याच्या चाळी बांधाव्यात, पाच-सात वर्षांची निर्वेध मुदत देणारा आणि मुदत संपल्यावर मालकाला जागा खात्रीने परत देणारा करार कायद्याने रूढ करावा, रिकाम्या घरावर जबर पट्टी बसवावी आणि गावठाणांच्या हद्दी एकदाच्या मोजून सनदांसह कायम कराव्यात. मराठी वस्ती मराठी राहावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी मोर्चे काढायचे तर या मागण्यांसाठी काढावेत.

गिरणी कामगारांच्या व त्यांच्या वारसांच्या घरांसाठीचे दीड लाखांहून अधिक अर्ज म्हाडाकडे पडून आहेत. त्यांतील पुष्कळांना सरकारने देऊ केलेली घरे शेलू आणि वांगणी येथे, म्हणजे बदलापूरच्याही पलीकडे आहेत. त्याविरुद्ध २०२५ च्या जुलैत कामगार आझाद मैदानात जमले आणि घर मुंबईतच हवे असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे न्याय्य आहे, कारण ज्या जमिनीचा एक तृतीयांश भाग नियमाने सार्वजनिक घरांसाठी ठेवलेला होता, ती जमीन मुंबईतच आहे आणि तिच्यावर काय उभे राहिले ते सर्वांना दिसते. तरीही घरे तिकडेच व्हायची असतील, तर त्या भागातल्या ठाकरांना, कातकऱ्यांना आणि आगऱ्यांना विचारल्यावाचून ती होऊ नयेत: पाणी कोणत्या धरणाचे, शाळा कोठे, गुरचरणातली किती जमीन जाणार आणि कर्जतच्या गाडीत उभे राहायला जागा कोठून येणार, एवढ्या प्रश्नांची लेखी उत्तरे देऊन दोन्ही गावांच्या ग्रामसभांचे ठराव आधी घ्यावेत आणि मगच पाया खणावा.